सदबा लंडनला पोचले त्याची गोष्ट

आबांचं लंडनचं तिकीट काढलं आणि तिथं राहणाऱ्या त्यांच्या लेकीची, विजूची, झोप उडाली. तिच्या रेवूचा पाचवा वाढदिवस होता. "आबा आल्याशिवाय केक कापणार नाही," असं पोरीनं बजावलं होतं. आणि आबा हे असे! डोंगरामागं एक गाव, त्या गावात एक भोळे सदबा, ते हेच. सांगाल तेवढं करायचे. तेवढंच करायचे. आपल्यालाच नीट सांगता येत नाही की काय, अशी विजूला शंका यायची.

"आबा, नवा एसटी स्टँड तासाभराच्या वाटेवर आहे," तिनं फोनवर सांगितलं.

सदबा निघाले. बरोबर तासानं थांबले. कुणाच्या तरी गोठ्यात पिशवी टेकवून बसले.

"विजू, तास झाला. इथं म्हैस आहे."

"अहो आबा, तास धरून बसायचं नसतं! ठिकाण येईपर्यंत चालत राहायचं."

"हात्तिच्या! असं आधी सांगायचंस की!"

स्टँड आला. सदबा मुंबईच्या गाडीत चढले आणि चालू लागले. ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत, तिथून परत ड्रायव्हरपर्यंत.

"ओ बाबा, बसा की!" कंडक्टर ओरडला.

"मुंबई येईपर्यंत चालायचंय."

घाटातल्या वळणावर ते एका बाईच्या मांडीवर जाऊन बसले, तेव्हा कंडक्टरनंच विजूला फोन लावून दिला.

"आबा, प्रवासात आपण बसायचं. आपण उठायचं नाही, चालायचं नाही. ते काम गाडीचं!"

"हात्तिच्या! असं आधी सांगायचंस की!"

दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या माणसांनी त्यांना पार शेवटच्या दालनापर्यंत नेऊन सोडलं. सदबांना निराळीच काळजी.

"विजू, दहा तास लागतात म्हणे. पोचेपर्यंत रात्र होईल. पोरीचा केक?"

"रात्र तुमच्याकडं. लंडनचा दिवस मागनं येतो. घड्याळ साडेचार तास मागं केलं की इथं संध्याकाळच. काळजी नको, बसा आता."

बऱ्याच वेळानं विजूनं पुन्हा फोन केला.

"बसलात ना?"

"बसलोय. पण अजून हललं नाही."

"काय हललं नाही?"

"बाकडं."

विजूच्या हातातला चमचा खाली पडला. "आबा! तुमचं नाव नाही पुकारलं?"

"पुकारलं की, घसा फाटेस्तोवर. पण मी उठतोय होय!"

"अहो, विमान गेलं!"

"जातंय कुठं? घड्याळ मागं करतो. म्हणजे अजून उभंच असेल."

सदबांनी काटे मागं फिरवले. विमान काही आलं नाही.

विजूनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात रेवूनं फोन ओढला.

"आबा, मागं नाही, पुढं करा! दहा तास! म्हणजे तुम्ही पोचाल."

"हात्तिच्या! शहाणी गं माझी बाय ती!"

सदबांनी काटे दहा तास पुढं फिरवले. मग आबांचा खुशीतला आवाज आला, "पोचलो! दार उघड."

रेवू पळत गेली. दार उघडलं, बाहेर डोकावली आणि परत आली.

"आई, आबा दिसत नाहीत. आपलं घड्याळ मागं पडलंय वाटतं."