कापड गेलेली छत्री

परसातल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. थंडी पडू लागली तशी इंदूताईंनी फाटक्या छत्रीचं कापड उसवून बाजाराची पिशवी शिवली. उरलेला सांगाडा टोक खाली करून मटारच्या वाफ्यात रोवला. त्या तो उघडायला गेल्या, पण छत्रीने काड्या गच्च आवळून धरल्या.

"गंजली वाटतं. भंगारातच देते," म्हणत इंदूताई घरात गेल्या.

ओल्या मातीत लोळणारी मटारची वेल म्हणाली, "छत्रीआजी, उघडा ना! दंवाने माझ्या कळ्या कुजायला लागल्यात."

"उघडून काय दाखवू? या नागड्या काड्या? कापड होतं तेव्हा ऐट होती माझी. आता सगळे हसतील."

"पण कापड मला धरता आलं नसतं, आजी. माझी बोटं बारीक. त्यांना सुटी काडीच लागते."

छत्रीने काड्या आणखीच आवळल्या. इतक्यात वेलीची एक कळी काळी पडून मातीत गळली. मग मात्र छत्रीला राहवेना. खट्‌कन सगळ्या काड्या पसरल्या.

कुंपणावरचा सरडा खदखदून हसला. "अगं बाई, ही छत्री की कोळ्याचं जाळं?"

छत्री शरमली, पण मिटली नाही. वेलीचं एक बोट तिला बिलगलं होतं.

संक्रांतीपर्यंत छत्री पानाफुलांनी झाकून गेली. एके दिवशी कावळा मागे लागला म्हणून सरडा धापा टाकत आला. "आजी, आत येऊ का?"

"ये की," छत्री म्हणाली. "फक्त शेंगांना धक्का लावू नकोस."