काळ्या कुत्र्याची पोळी

घसा फोडून सांगितलं तरी जिचं कुणी खरं मानलं नाही, अशी एक टोपल्या विणणारी बाई एका गावात होती.

एकदा मेंढपाळाला कोरड्या विहिरीत पडलेलं काळं कुत्रं सापडलं. हाडं नि कातडं, वर रक्ताची हगवण. तो बाईला म्हणाला, "मावशे, मेंढरं घेऊन चाललोय. बरं होईस्तवर सांभाळ, परत आलो की नेतो."

गुरांच्या वैद्यानं बजावलं, "आतडं सोलून निघालंय. नुसती पातळ पेज, तीही चमचा-चमचा. तेलातुपाचा थेंब गेला तर मेलं समज."

बाईनं ते टोपलीत निजवलं, पुसलं, पेज पाजली. हळूहळू रक्त थांबलं. एके सकाळी त्यानं आपणहून वाटी चाटली. बाई आनंदानं रडली.

नेमका तो शनिवार. गावात दुसरं काळं कुत्रं नव्हतं. पाटलीण तेल चोपडलेल्या पोळ्या घेऊन दारात हजर, मागं चार बाया.

"सरक गं. साडेसाती आहे आमच्या ह्यांना."

"पाटलीणबाई, तेल विष आहे त्याला."

"शनीची पोळी विष? जिभेला हाड आहे का तुझ्या?"

मागची एक फिसकन हसली, "पोळ्या हिलाच हव्या असतील!"

"तुमची साडेसाती तुम्हीच गिळा!" म्हणत बाईनं कोयता उगारला. बाया पांगल्या.

पण पेजेला पाणी नव्हतं. दाराला बांबूचा तट्टा लावून बाई घागर घेऊन गेली. परत येऊन बघते तर तट्टा बाजूला, पाटलीण नि बाया आत, आणि कुत्रं पोळीवर पोळी गिळतंय.

"बघ, शेपूट हलवतंय!" पाटलीण म्हणाली. "उपाशी ठेवलं होतंस मुक्या जिवाला."

बाईनं घागर टाकली, त्याच्या तोंडात बोटं घालून घास ओढले. पोटात गेलेले कसे ओढणार? संध्याकाळी पुन्हा रक्त सुरू झालं. उजाडायच्या आत बाईच्या मांडीवर त्यानं मान टाकली.

मेंढपाळ परतला. त्याला आधी पाटलीण भेटली.

"नुसत्या पाण्यावर ठेवून मारलं रे हिनं. आम्ही घातला तोच काय तो शेवटचा गोड घास, तोही हिनं तोंडातून ओढला."

"खोटं आहे! वैद्याला विचार!" बाई ओरडली. पण चार बायांनी माना डोलावल्या होत्या. मेंढपाळ थुंकला नि म्हणाला, "मावशे, कुत्र्याच्या तोंडचा घास ओढलास?" वैद्याकडं तो गेलाच नाही.

तात्पर्य: दया करायची तर आजाऱ्याचं पोट बघून करा, आपली पत्रिका बघून नका करू. पण ऐकतो कोण? त्या गावात अजून कुणी मुक्या जिवाला उपाशी ठेवलं, की बाया बोटं मोडून त्या टोपल्यावालीचंच नाव घेतात: धुरपा.