पादुकेची खुंटी

आंबेदरी गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, आत्मगिरी महाराजांचा मठ होता. महाराज तिथे आले तेव्हा त्यांच्याजवळ एक कफनी, एक कमंडलू आणि आपल्या गुरूंच्या चंदनी पादुका, एवढेच होते. त्या पादुकांवर महाराजांचा भारी जीव. रोज पहाटे स्वतः पुसत, फूल वाहत आणि मगच पाण्याचा घोट घेत.

मठाचे कारभारी विसाजीपंत. माणूस निष्ठेचा, पण संशय पाचवीला पुजलेला. प्रसादाचा द्रोणसुद्धा आधी हुंगून पाहत! त्यांच्या डोळ्यांत विशेष सलत असे तो सटवाजी सुतार. कीर्तनाला तो मागे खांबाआड बसे आणि महाराजांकडे पाहता पाहता रडू लागे. "एवढं रडायला झालंय काय याला? नक्की काहीतरी पोटात आहे," असे पंत चारचौघांत म्हणत आणि लोक हसत.

गुरूंच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी दोन्ही पादुकांच्या, अंगठ्यात धरायच्या खुंट्या सैल होऊन निघाल्या. जुनी भोके झिजली होती. ती थोडी खोल करून नव्या खुंट्या बसवणे भाग होते. महाराज म्हणाले, "सटवाजीला बोलवा."

"महाराज, जुनं चंदन आहे. कुणाच्या हाती देताय?" पंतांनी विचारले. महाराज नुसते हसले आणि ओसरीवर डोळे मिटून बसले.

सटवाजी भोक पाडायचे गिरमिट घेऊन आला. पुण्यतिथीच्या तयारीला जमलेला गाव भोवती गोळा झाला. पंतांनी आपले पांढरेशुभ्र उपरणे अंगणात अंथरले. "भुसा यावरच पडू दे. चिमूटभरसुद्धा घरी जाता कामा नये. आणि नीट ऐक. भोक तळातून आरपार गेलं तर पादुका भंगली. भंगलेली वस्तू पूजेला चालत नाही. मग या मठाची पायरी तुला कायमची बंद."

सटवाजीचा चेहरा उतरला. त्याला मठातले दुसरे काही नको होते. खांबाआडची जागा तेवढी हवी होती.

त्याने गिरमिट पादुकेच्या कडेला उभे धरून तळाची जाडी पाहिली आणि तळाच्या बरेच अलीकडे थांबता यावे अशा बेताने गिरमिटाच्या दांडीवर काळा दोरा गुंडाळला. दोरा लाकडाला टेकला की हात थांबवायचा.

"हे काय? काळा दोरा कशाला?" पंत ओरडले.

"खूण हाय, पंत. कुठवर जायाचं त्येची."

"खूण की करणी?" पंतांनी गिरमिट ओढून घेतले, दोरा सोडला, उन्हात धरला, हुंगला. काही सापडले नाही. मग त्यांनी तो परत गुंडाळला, आणि गुंडाळताना त्यांच्या ध्यानात आले की तो आधी नेमका कुठे होता हे आपल्याला आठवत नाही. ओठ हलले. पण चूक कबूल करायची, तीही या सुतारापुढे? 'खरा असेल तर त्याला कळेलच,' असे मनाशी म्हणून ते गप्प राहिले. भाविकहो, संशय वाईटच, पण हे गप्प बसणे त्याहून वाईट!

सटवाजी पुन्हा माप घ्यायला वाकला.

"पुन्हा? मघाशी मोजलंस ते खोटं होतं वाटतं?" पंत फणकारले. लोक हसले. बिचारा ओशाळला आणि माप न घेताच त्याने टोक भोकात ठेवले.

गिरमिट फिरू लागले. चंदनाचा वास अंगणभर पसरला. थोड्या वेळाने सटवाजीचा हात अडखळला. हात म्हणत होता, बस झाले. दोरा मात्र अजून वरच होता. आता थांबलो तर पंत म्हणतील, काम अर्धवट टाकले. त्याने महाराजांचे नाव घेतले आणि दोरा टेकेपर्यंत फिरवले.

पंतांनी झडप घालून पादुका उलटी केली. तळ अखंड! त्यांनी गिरमिट पादुकेला लावून पाहिले. दोरा वरच्या कडेला टेकवला की टोक तळाच्याही खाली बोटभर जात होते. "नजरबंदी! काहीतरी नजरबंदी आहे!" असे म्हणत ते उपरण्यावर वाकले. तिथे चंदनाच्या भुशात रक्ताचा एक ताजा ठिपका होता.

पंतांनी आधी सटवाजीची बोटे तपासली. ती कोरडी होती.

"पंत, तिथे काय शोधता?" ओसरीवरून महाराज म्हणाले आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला. तळव्याच्या मधोमध गिरमिटाच्या टोकाएवढी जखम होती आणि तिच्या कडेला चंदनाचा भुसा चिकटला होता.

सटवाजीने हंबरडा फोडला. "महाराज, म्या काय केलं हे!"

"रडू नकोस रे. गुरूंच्या पावलाखाली हात ठेवायला मिळावा, ही माझी केवढी जुनी इच्छा! आज तुझ्यामुळे मिळाला."

पंतांच्या हातून गिरमिट गळून पडले. "महाराज, दोरा मी हलवला. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही."

"मला माहीत आहे," महाराज हळूच म्हणाले. "पण हे मला काय सांगता? ज्याची पायरी बंद होणार होती त्याला सांगा."

विसाजीपंत वळले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी सटवाजीच्या पायांवर डोके ठेवले. सटवाजी मागे सरकला, पण पंत उठेनात. शेवटी महाराजांनीच त्यांना उठवले.

दुसरी पादुका अजून व्हायची होती. पंतांनी ती उपरण्यावर ठेवली आणि तिच्याखाली आपला तळहात पसरला. मान खाली घालून ते म्हणाले, "सटवाजी, पुन्हा मोजून घ्या. सावकाश. माझा हात आहे खाली."