शेवंतीला हवा अंधार

फार पूर्वी, गावांत दिवे कमी आणि नियम त्याहून कमी होते तेव्हा, डोंगरापलीकडच्या एका गावात एक माळीण राहायची. तिच्या मळ्यातली शेवंती ऐन दसऱ्याला फुलायची आणि देवीच्या गळ्यात पहिला हार तिच्याच फुलांचा पडायचा. आजेसासूपासून चालत आलेला हा मान. आयुष्यात तिला दुसरं फारसं काही मिळालं नव्हतं, म्हणून ती तो जिवापाड जपायची.

शेवंती मोठी मानी. रात्रभर दिवा तोंडावर आला, की ती कळीच धरत नाही, नुसती पानं काढत बसते. म्हणून गावाचा नियम होता: बाहेर लावलेल्या दिव्याला पत्र्याची टोपी हवी आणि उजेड ज्याच्या त्याच्या अंगणातच पडावा.

एका वर्षी शेजारी एक व्यापारी राहायला आला. त्याने उंच खांबावर सात वातींचा कंदील टांगला, मागे चकचकीत पितळी पत्रा लावला. टोपीचं नाव नाही. आपलं घर वेशीवरून दिसलं पाहिजे, एवढीच त्याची हौस. माळीण दिवसभर पाणी ओढून दमायची आणि रात्री खिडकीला गोणपाट लावून निजायची. पण मळ्याला कुठलं गोणपाट लावणार?

ती त्याच्याकडे गेली. श्रावणात गेली, भादव्यात गेली, गणपती उठल्यावर पुन्हा गेली. दरवेळी त्याने तिला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि फुकटचा उजेड मिळतोय तर कुरकुर कसली, असं हसत विचारलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती पंचांकडे गेली. दिवा दोषी की नाही, हे ठरवायची तिथे एक रीत होती. तक्रारदाराच्या अंगणात बसून शेजारच्या दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायचा. ओवला गेला तर दिवा दोषी. आणि ओवायचा तो सगळ्यांत वडीलधाऱ्या पंचाने. ते आजोबा होते नव्वदीचे. लख्ख उजेडात घटकाभर ते दोरा ओला करत बसले आणि शेवटी दोरा त्यांच्या मिशीत अडकला. पंचांनी दिवा निर्दोष ठरवला.

"आजोबांना भर दुपारी तरी दोरा ओवता येतो का?" माळणीने विचारलं.

"बाई, रीत ती रीत," पंच म्हणाले आणि पागोटी सावरत घरी गेले. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तीही जाऊन पडली.

दसरा उजाडला. त्या वर्षी पूजेला बसायची चिठ्ठी नेमकी व्यापाऱ्याच्या नावाने निघाली होती. सोवळं नेसून, रिकामी परडी घेऊन तो सकाळीच माळणीच्या दारात आला. ती त्याला मळ्यात घेऊन गेली. घराची सावली पडायची तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत शेवंती पिवळीधमक फुलली होती. बाकी मळा हिरवागार, औषधाला कळी नाही. उजेड कुठवर पोचत होता, ते रेघ मारल्यासारखं दिसत होतं.

"मला ठाऊक नव्हतं हो," तो म्हणाला.

"मी तीनदा सांगितलं होतं," माळीण म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागवायलाही अंगात बळ लागतं.

त्या फुलांचा वीतभर हार झाला. तो देवीच्या गळ्यात बसेना. पुजाऱ्याने तो पायांशी ठेवला आणि गळ्यात पलीकडच्या गावचा झेंडू घातला. व्यापाऱ्याने मान खाली घालून पूजा आटोपली आणि दिवस मावळायच्या आत स्वतः खांबावर चढून कंदिलाला टोपी बसवली. माळणीने ते पाहिलं. तिला आनंद झाला नाही, फक्त झोप आली.

शेवंती फुलली ती थेट मार्गशीर्षात. एकदम सगळा मळा फुलला. तोवर दसरा-दिवाळी उरकून गेली होती. व्यापारी कुंपणाशी आला आणि ही फुलं आता देवीला चालणार नाहीत का, असं त्याने हळूच विचारलं.

"चालतील की," माळीण म्हणाली. "आधी माझा दसरा परत आणा."

तात्पर्य: दिवा आपल्या अंगणापुरता लावावा. शेजाऱ्यालाही अंधाराचं काम असतं, आणि त्याने सांगितल्यावर ते वेळेत ऐकावं.