झाडं वाचवणारी पिशवी

"ओढ्याकाठच्या शिंदीचे सगळे गाभे तोडून आणा!" असा राजाचा हुकूम सुटला आणि पाती विणणाऱ्यांच्या आळीत त्या दिवशी चूलच पेटली नाही.

भद्रावळीच्या राजाला, विक्रमशीलाला, दर उन्हाळ्यात झाडांचा भारी कळवळा यायचा. "कातड्याच्या पिशव्या बंद! रेशमाच्या बंद! मातीत मिळून जाईल अशी पात्यांची पिशवीच वापरा!" तो गरजायचा, आणि सगळा दरबार नव्याकोऱ्या पिशव्या घ्यायला धावायचा. यंदा त्याच्या मनात भरली होती पांढरी, लोण्यासारखी मऊ पिशवी. तसं पातं शिंदीच्या गाभ्यातच मिळतं, आणि गाभा ओढला की झाड मेलंच! आळीतले लोक बाहेरची पाती तेवढी कापायचे. त्या झाडांवरच तर त्यांची घरं चालत होती.

सगळे डोक्याला हात लावून बसले. आळीतल्या येसूला मात्र बसवेना. तिचं लेकरू जेमतेम दात येण्याच्या वयाचं. झाडंच गेली तर उद्या त्याच्या तोंडात काय घालायचं? तिने त्याला झोळीत घेतलं आणि तडक दरबार गाठला. वाटभर एकच धास्ती, हे राजासमोर भोकाड पसरणार!

आणि त्याने पसरलंच.

"कोण ओरडतंय?" राजा खेकसला.

"माझं पोर आहे, महाराज. झाडं तोडणार म्हणून ऐकलंय त्याने."

"अगं, झाडं वाचवायलाच तर पिशवी करतोय!"

"झाडं मारून, महाराज?"

दिवाण नरहरपंत जागेवरच खोकायला लागले. राजाचे कान तांबडे झाले.

"जीभ फार चालते तुझी! मग तूच आण पिशवी. लोण्यासारखी मऊ हवी, पण झाडाचं एकही पातं कापायचं नाही. पौर्णिमेला हजर कर. नाहीतर झाडांबरोबर तुमची आळीही उठवीन!"

"महाराज, पातं वापरून वापरूनच मऊ होतं. माझ्या सासूबाईंची जुनी पिशवी आहे, हात लावून तर बघा—"

"दुसऱ्याची वापरलेली? मी राजा आहे की भिकारी? दुसऱ्या कुणाच्या खांद्याला लागलेली पिशवी मला चालणार नाही!"

झालं! न कापलेल्या पात्याची, वापरल्यासारखी मऊ, पण कुणी न वापरलेली! दरबारी तोंडाला उपरणं लावून हसले. येसू उलट पावली बाहेर पडली. पोराला पाणी पाजावं म्हणून ती वाड्यामागच्या हौदावर गेली.

हौदापलीकडे उकिरडा होता. त्यावर पिशव्यांचा ढीग! चांगल्या, घट्ट विणीच्या.

"या का टाकल्या हो, मावशी?" तिने झाडणाऱ्या बाईला विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यातल्या ना त्या! लाल गोंडे यंदा चालत नाहीत म्हणे."

येसूने ढीग उपसला. एक पिशवी उलटीपालटी करून पाहिली, मावशींना आणखी चार गोष्टी विचारल्या, आणि खुदकन हसली. पोरही हसलं. कशाला ते त्यालाच ठाऊक!

घरी जाऊन तिने पिशवी बाहेरून ओल्या फडक्याने पुसली, सावलीत वाळवली. लाल गोंडे उसवले. बंद तुटले होते, ते वाऱ्याने पडलेल्या पात्यांचे वळून लावले. वरून तेलाचा हलका हात फिरवला.

पौर्णिमेला ती पिशवी डोक्यावर घेऊन दरबारात उभी राहिली. राजाने पिशवी हातात घेतली, गालाला लावली.

"वा! लोणी आहे लोणी! पंत, बघा, याला म्हणतात नवा माल!"

"नवा वास येतोय, महाराज!" पंतांनी डोळे मिटून हुंगलं. "जुन्याला ही सर कुठली!"

"पातं कापलंस?"

"एकही नाही, महाराज."

"मग विणलीस कशाची?"

"विणली नाहीच. तुमच्या उकिरड्यावरून आणली!"

पंतांच्या नाकाजवळची पिशवी खाली पडली. राजा ताडकन उठला. "उकिरड्यावरची? दुसऱ्याची उष्टी पिशवी माझ्या गालाला? कुणाची आहे ही?"

येसू एक पाऊल पुढे आली. "आतल्या कप्प्यात हात घालून बघा, महाराज. तिथे मी फडकंसुद्धा फिरवलेलं नाही."

राजाने हात घातला. बाहेर आला तो चिकटलेला खडीसाखरेचा खडा! राजवैद्यांनी बंद केलेली खडीसाखर! गेल्या उन्हाळाभर राजा ती चोरून खायचा, म्हणून तर त्याने पिशवी नोकरालाही उचलू दिली नव्हती.

"दुसऱ्या कुणाच्या खांद्याला लागलेली नको म्हणालात," येसू म्हणाली. "ही फक्त तुमच्याच खांद्याला लागलीय, झाडणाऱ्या मावशींनी ओळखली. मीसुद्धा डोक्यावरून आणली. लोण्यासारखी मऊ तुम्हीच केलीत आणि फेकूनही तुम्हीच दिलीत!"

राजवैद्य खड्याकडे बघत होते. राजाने खडा झटकन तोंडात टाकला आणि असा खो खो हसला, की पोट धरून सिंहासनावर आडवाच झाला.

"वैद्यबुवा, पुरावा गिळला बरं का! आणि बाई, तू जिंकलीस! काय हवं ते माग."

"शिंदीची झाडं आळीच्या नावाने करा, महाराज. पुन्हा कुणाला त्यांचा कळवळा यायला नको!"

"दिली! आणि तुला वर दुभती गाय! पंत, यंदा दरबारात एकही नवी पिशवी दिसता कामा नये. ज्याने त्याने आपली जुनी घेऊन यायची!"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी अख्खा दरबार पागोटी सावरत उकिरड्यावर चढला होता, आणि सगळ्यात वर नरहरपंत ओरडत होते, "सोडा, सोडा! ती माझी आहे!"