कवडीचं ताट

खाडीच्या काठी वसलेल्या एका गावात धर्मा नावाचा एक पशुवैद्य राहत असे. वय साठीच्या पुढचं. तरुणपणी बारा वर्षं डोंगरापलीकडच्या एका वैद्यांकडे राहून तो गुराढोरांची आणि पाखरांची चिकित्सा शिकला होता. हाताला गुण होता. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या कोंबड्यांवर रोग पडला की लोक आधी धर्माच्या दारात येत आणि निश्चिंत होऊन परत जात.

वर्षापूर्वी त्याची पत्नी भागा गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी शेवटी धर्माची बहीणही पिशवी उचलून निघाली आणि घरात धर्माच्या स्वतःच्या पावलांखेरीज आवाज उरला नाही. परसात भागाच्या पाच कोंबड्या होत्या. दोन मुंगसाने नेल्या, दोन म्हातारपणाने गेल्या. मागे उरली फक्त कवडी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, सात वर्षांची, भागाच्या पदराला लागून वाढलेली.

धर्माने कवडीला जपलं, ते इतकं की शेजारपाजारी कौतुक करीत. पण तिला जपता जपता तिची प्रकृती ढासळत चालली. चार पावलं चालली की ती चोच उघडी टाकून धापा टाकी. पोट खाली ओघळलं होतं, तुरा फिका पडला होता, नखं वाढून आत वळली होती. धर्माने पाला दिला, मुळी उगाळून दिली, काढे केले. काही लागू पडेना. अखेर एका सकाळी त्याने तिला टोपलीत घातलं आणि डोंगर ओलांडून आपल्या गुरूंकडे गेला.

वृद्ध वैद्यांनी कवडीला मांडीवर घेतलं. पोट चाचपलं, डोळे पाहिले, नखांवरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "धर्मा, हिला घरी घेऊन जा. औषध देऊ नकोस. उद्या मी येतो."

"बाबा, या वयात डोंगर कशाला चढता? काय द्यायचं ते सांगा, मी देतो."

"ही कुठं जेवते ते मला पाहायचंय," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठी टेकत ते धर्माच्या घरी पोहोचले. धर्माने पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. स्वयंपाक तयार होता. वैद्य पाहू लागले. चुलीपाशी आणखी एक पाट होता. त्याच्यासमोर धर्माने पितळी ताट ठेवलं. त्यात ऊन ऊन भात, भातावर तूप, शेंगदाण्याचं कूट, बाजूला गुळाचा खडा. शेवटी एका डबीतून कालवांच्या शिंपल्यांची पूड काढून त्याने भातावर भुरभुरली. मग कवडीला उचलून त्या ताटापुढे बसवलं. गुरूंना भाकरी आणि माशाची आमटी वाढली, आणि स्वतः रात्रीची उरलेली भाकरी हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

वैद्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. ते उठले, कवडीला अलगद उचलून परसात सोडलं आणि तिच्या पाटावर येऊन बसले. पितळी ताट पुढे ओढून ते शांतपणे तूपभात खाऊ लागले.

धर्मा क्षणभर पाहतच राहिला. गुरूंपुढे त्याने आजवर आवाज चढवला नव्हता. पण आता तो ओरडला.

"बाबा! ते ताट तिचं आहे!"

"कुणाचं?"

"भागाचं!"

शब्द तोंडातून निसटला आणि धर्मा जागीच थिजला. त्याला म्हणायचं होतं कवडीचं. तो दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला.

वैद्यांनी आणखी एक घास घेतला. "भागाचं ताट," ते म्हणाले, "मग या भातात मीठ का नाही, बाळ?"

"कोंबडीला मीठ सोसत नाही," धर्मा खालच्या आवाजात म्हणाला.

"म्हणजे हाताला ठाऊक आहे जेवतंय कोण. मनाला सांगायचं तेवढं राहून गेलंय." वैद्यांनी हात थांबवला. "वर्षभर हे एवढंसं पाखरू माणसाचं जेवण जेवतंय. तुपाने, शेंगदाण्याने तिच्या यकृतावर चरबी चढली. दाणा आयता मिळतो म्हणून माती उकरत नाही, म्हणून नखं वाढली. आणि ही शिंपल्यांची पूड? अंडी घालणाऱ्या कोंबडीला ती हवी असते. हिची अंडी थांबून वर्ष उलटलं. आता हा चुना तिच्या मूत्रपिंडावर बसतो. हे मीच तुला शिकवलं होतं ना?"

"हो. लोकांना मीही हेच सांगतो."

"मग?"

धर्माने परसाकडे पाहिलं. "कवडीने अंडं घातलं की भागा परसातून हाक मारायची. 'अहो, घातलं हो हिनं!' म्हणायची. रोजचंच होतं. तेव्हा मी ओ सुद्धा देत नसे." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "वाटायचं, एकदा जरी घातलं असतं, तर..."

वैद्य उठले, त्याच्या हातातली शिळी भाकरी काढून घेतली आणि त्याला आपल्या शेजारी पाटावर बसवलं.

"ऐक," ते म्हणाले. "तुझं दुःख खोटं नाही. त्याला जागा हवी, आणि तू ती या पाखराच्या पोटात केलीस. तिथं ते मावणार कसं? भागाची आठवण तुझी आहे, ती तूच सोसायची. कवडीला तिचं म्हातारपण सोसू दे. तिचं ओझं लहान आहे, तिला ते पेलेल." त्यांनी आमटीची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "आता जेव. गरम जेव."

दोघांनी मिळून ताट संपवलं. धर्मा वर्षभरात प्रथमच बसून जेवला.

निघण्यापूर्वी वैद्यांनी स्वतःच्या हाताने कवडीची नखं कापली. खुराड्यातली बसायची काठी उंचावर होती. थकलेल्या पायांनी कवडीला तिथं उडी घेता येत नव्हती. ती काठी त्यांनी वीतभर उंचीवर बांधायला लावली. मूठभर नाचणी आणि थोडं न कांडलेलं भात घेऊन पाचोळ्याखाली पसरलं, म्हणजे तिला ते उकरून शोधावं लागेल. "रोज एवढंच. जोडीला शेवग्याचा पाला, ताजं पाणी. आणि एक गोष्ट उरली. कोंबडी ही कळपातली जात आहे. माणसाच्या सोबतीवर तिचं भागत नाही."

आठवड्याने ते आपल्या दोन म्हाताऱ्या कोंबड्या टोपलीत घालून घेऊन आले. पहिले काही दिवस त्या कवडीला टोचून हुसकावत. धर्माचा जीव तुटे, तो मध्ये पडायला धावे आणि गुरूंचे शब्द आठवून थांबे. पंधरवड्यात तिघींचं आपापसात ठरलं, कोण पुढे, कोण मागे. महिन्याभरात कवडीची धाप कमी झाली. तुऱ्यावर थोडी लाली आली. अंडं तिने पुन्हा कधी घातलं नाही.

थंडीतल्या एका दुपारी धर्मा जेवून उठला आणि त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून कवडी दिसली नाही. तो घाबरून परसात गेला. आंब्याच्या बुंध्याशी उन्हात तिघी धुळीत लोळत होत्या. कवडीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, पंखांत धूळ भरून घेतली आणि डोळा मिटला. ती उठून त्याच्याकडे आली नाही. तिला आता त्याच्याकडून काही नको होतं.

धर्मा तिथंच पायरीवर बसला. त्या दुपारी तो प्रथमच भागासाठी रडला, मोकळेपणाने, कुणाच्याही नावाने ताट न वाढता. कोंबड्या आपल्या धुळीत रमल्या होत्या. रडून झाल्यावर त्याने तोंड धुतलं, वहाणा घातल्या आणि वाडीतल्या एका आजारी शेळीला पाहायला गेला.

माया करताना समोरच्याची भूक आधी ओळखावी. आपली भूक त्याच्या ताटात वाढली, तर दोघेही उपाशी राहतात.