मिरीचं गाणं हरवलं

एक होती मिरी. साळुंकीचं पिल्लू. एवढुश्शी! चोच पिवळी, पाय पिवळे, पोट गोलमटोल. आईने तिला एक गाणं शिकवलं होतं. आई म्हणायची, "मी दाणे घेऊन आले की गाणं म्हण हं. म्हणजे मला कळेल, तू कुठे आहेस."

एकदा काय झालं? मिरी फांदीवरून घसरली. खाली चिखल. धप्प! मिरी इतकी घाबरली, इतकी घाबरली, की गाणंच विसरली. अरे देवा! आता आई तिला शोधणार कशी?

मिरी चालली तुरु तुरु. भेटला पोपट. त्याला सगळ्यांची गाणी यायची.

"पोपटदादा, पोपटदादा, माझं गाणं म्हण ना!"

"ठेक्याशिवाय? छे छे! बेडूक ठेका धरेल, तर मी गाणं म्हणेन."

मिरी चालली तुरु तुरु. हौदाकाठी भेटला बेडूक.

"बेडूककाका, बेडूककाका, ठेका धरा ना!
पोपट गाणं म्हणेना,
गाणं मला आठवेना,
आई मला सापडेना!"

"एकटाच? मी नाही बाबा! सगुणाताई टाळ्या वाजवेल, तर मी ठेका धरेन."

मिरी चालली तुरु तुरु. अंगणात भेटली सगुणाताई.

"सगुणाताई, सगुणाताई, टाळ्या वाजव ना!
बेडूक ठेका धरेना,
पोपट गाणं म्हणेना,
गाणं मला आठवेना,
आई मला सापडेना!"

"अगं, आमचं बाळ बघ कसं रडतंय! झोळी हलवून हात दुखले माझे. बाळ हसेल, तर मी टाळ्या वाजवेन."

मिरी बसली झोळीच्या काठावर.

"बाळा, बाळा, हस ना!
ताई टाळ्या वाजवेना,
बेडूक ठेका धरेना,
पोपट गाणं म्हणेना,
गाणं मला आठवेना,
आई मला सापडेना!"

बाळ म्हणालं, "ट्यँऽऽऽ!"

बाप रे, केवढा आवाज! मिरीने तोंड लपवलं पंखात. बाळ एकदम गप्प. कुठे गेली चोच? कुठे गेले डोळे?

मिरीने हळूच डोकं बाहेर काढलं. ताई म्हणाली, "बुवाऽऽऽ... कुक!"

बाळ हसलं खुदकन!

मिरी पुन्हा पंखात. मिरी पुन्हा बाहेर. "बुवाऽऽऽ... कुक!" बाळ खदखदा हसलं.

बाळ हसलं, ताईने टाळ्या वाजवल्या. टप टप टप!

टाळ्या वाजल्या, बेडकाने ठेका धरला. डराँव डराँव!

ठेका धरला, पोपटाने गाणं म्हटलं. "चुक् चुक् चिवी!"

मिरी म्हणाली, "चुक् चुक् टर्र!"

सगळे हसले. मिरीसुद्धा हसली.

"असू दे गं," पोपट म्हणाला. "माझ्या मागून म्हण. चुक् चुक्..."

"चुक् चुक्..."

"चिवी!"

"चिवी!"

आलं, आलं! मिरीला गाणं आलं! "चुक् चुक् चिवी! चुक् चुक् चिवी!"

भुर्रकन आई खाली आली. "अगं बाई, ही तर माझीच मिरी!" आईने तिला पंखाखाली घेतलं. एक दाणा भरवला, मग आणखी एक.

इतक्यात झोळीतून कोण बोललं?

"चु... चु... वी!"

ऐकलंत? बाळसुद्धा शिकलं!

मिरी निजली पंखात, गोष्ट राहिली कानात.